‘सकाळी बघू’ म्हणण्याआधी: नाशिक जिल्ह्यातील वसतिगृहांच्या अधीक्षकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील आश्रमशाळा, निवासी शाळा आणि विद्यार्थी वसतिगृहांचे सर्व मुख्याध्यापक, अधीक्षक, अधीक्षिका व व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

विषय : मेंदूज्वराची सुरुवातीची लक्षणे रात्रीच ओळखून मुलाला सकाळची वाट न पाहता रुग्णालयात हलवण्याबाबत

सन्माननीय महोदय व महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी परिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षे नाशिकमध्ये मुलांच्या वॉर्डात गेली आणि निवृत्तीनंतरही तो वॉर्ड मनातून गेलेला नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण अशा तालुक्यांतून, कधी काळी-पिवळीतून, कधी १०८ च्या रुग्णवाहिकेतून, तर कधी संस्थेच्या गाडीतून आणलेली मुले मी उतरवून घेतली आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना मेंदूज्वर निघाला, त्यांच्या बाबतीत मला पुन्हा पुन्हा हेच दिसले, की आजार सर्वांत आधी पाहणारा माणूस डॉक्टर नव्हता. मूल घरचे असेल तर ती आई किंवा आजी होती, आणि वसतिगृहातले असेल तर ते तुम्ही होतात. म्हणून हे पत्र आरोग्य खात्याला न लिहिता तुम्हाला लिहीत आहे.

श्रावणातली गोष्ट आहे. जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेतली बारा वर्षांची मुलगी दुपारी एकच्या सुमारास आमच्याकडे आणली गेली. सोबत अधीक्षिका होत्या आणि गाडीत तिला धरून बसायला म्हणून घेतलेली तिची एक मैत्रीण होती. मुलीचे कपाळ तव्यासारखे तापले होते आणि हात मात्र गारठलेले होते. हाक मारली की ती डोळे उघडायची आणि लगेच मिटायची. उशी सारखी करायला म्हणून मी डोक्याखाली हात घातला, तर मान वाकेना. डोक्याबरोबर खांदेही वर उचलले गेले. पायमोज्याच्या इलॅस्टिकची खूण उमटते त्या जागी, घोट्याच्या जरा वर, मोहरीएवढे सहा-सात जांभळे ठिपके होते. अधीक्षिका म्हणाल्या, “सिस्टर, काल दिवसभर चांगली होती हो. सकाळी उठेचना.” त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांना जेवढे दिसले होते, तेवढेच त्या सांगत होत्या.

सलाईन लागले, पहिले इंजेक्शन गेले, तेव्हा मी त्या मैत्रिणीला बाकावर बसवून पाणी दिले आणि आदल्या दिवसापासून काय काय झाले ते विचारले. तिने सगळे क्रमाने सांगितले. दुपारी चारला खेळाच्या तासाला ती “पाय लई दुखतात” म्हणून मैदानाच्या कडेला बसून राहिली. संध्याकाळच्या प्रार्थनेला तिला हुडहुडी भरली. जेवताना दोन घास खाऊन ती उठली. आठला एक उलटी झाली, दहाला दुसरी; जेवणातल्या भाजीने झाले असेल असे सगळ्यांना वाटले आणि तापाची गोळी देऊन तिला झोपवले गेले. ट्यूबलाईट डोळ्यांवर नको म्हणून ती डोक्यावरून चादर ओढून पडली. रात्री दीडच्या सुमारास ती काहीतरी असंबद्ध बोलू लागली, तेव्हा ही मैत्रीण उठून सांगायला गेली आणि “झोपू दे तिला, सकाळी बघू” असे उत्तर घेऊन परत आली.

म्हणजे ती आमच्या हाती आली तेव्हा आजार सुरू होऊन एकवीस तास झाले होते, आणि त्या एकवीस तासांचा सगळा वृत्तांत शेजारच्या गादीवर झोपणाऱ्या मुलीला पाठ होता. तिला तो कोणी विचारला नव्हता. आजारी मुलगी वाचली, पण तिचे दोन्ही कान गेले. पुढे तपासणीसाठी आली तेव्हा मी तिच्याशी बोलत होते आणि ती टक लावून माझ्या ओठांकडे पाहत होती.

त्या अधीक्षिकांना मी दोष देत नाही. त्या रात्री दीडशेच्या आसपास मुलींची जबाबदारी त्यांच्या एकटीवर होती, आणि पाय दुखण्याचा मेंदूच्या आजाराशी काही संबंध असू शकतो हे त्यांना आयुष्यात कधी कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगणे हे आम्हा आरोग्यसेवेतल्या लोकांचे काम होते.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ आवरणे असतात आणि त्यांना सूज आली की त्या आजाराला मेनिंजायटिस म्हणतात. आपण बोलताना त्यालाही मेंदूज्वर म्हणतो आणि खुद्द मेंदूला सूज आणणाऱ्या एन्सेफलायटिसलाही मेंदूज्वरच म्हणतो. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला आणि २०२४ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या गुजरातेत मुलांचे बळी घेणारा चांदीपुरा विषाणू या दुसऱ्या प्रकारातला आहे. रात्री दोन वाजता तुम्हाला हा भेद करत बसायचे कारण नाही, कारण दोन्हींत मूल ताबडतोब हलवायचे असते. मेनिंजायटिस विषाणूंमुळे होतो तसाच जिवाणूंमुळेही होतो. विषाणूंचा बहुतेक वेळा विश्रांतीने आणि साध्या उपचारांनी बरा होतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब अशा जिवाणूंचा मात्र काही तासांत जिवावर बेततो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जिवाणूंचा मेनिंजायटिस झालेल्या दर सहा माणसांमागे एक दगावतो आणि दर पाचांमागे एकाला बहिरेपणा, फिट्स, हातापायांतील कमजोरी असे काहीतरी कायमचे मागे राहते. नुसत्या नजरेने दोन्हींतला कोणता हे अनुभवी डॉक्टरलाही सांगता येत नाही, त्यामुळे ‘व्हायरलच असेल’ हा निष्कर्ष वसतिगृहात काढण्यासारखा नाही.

वेळेविषयी मी इतक्या पोटतिडकीने का लिहिते आहे, त्याला आधार आहे. ब्रिटनमध्ये सोळा वर्षांपर्यंतच्या ४४८ मुलांच्या मेनिंगोकोकस आजाराचा तास-तासाने मागोवा घेणारा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पहिले चार ते सहा तास बहुतेक मुलांना केवळ ताप, मळमळ, किरकिर अशी कोणत्याही साध्या आजारात दिसणारी लक्षणे होती, आणि चोवीस तासांच्या आत ती मुले मृत्यूच्या दाराशी पोहोचत होती. पुस्तकात पहिल्या पानावर छापलेली लक्षणे, म्हणजे आखडलेली मान, अंगावरचे जांभळे ठिपके आणि हरपत चाललेली शुद्ध, ही साधारण तेराव्या ते बाविसाव्या तासात दिसू लागली. त्यांच्या पुष्कळ आधी, सुमारे आठव्या तासाला, शंभरातल्या बहात्तर मुलांत तीन खुणांपैकी काहीतरी दिसत होते : पाय दुखणे, हात-पाय गार पडणे आणि त्वचेचा रंग बदलून ती फिकट किंवा चट्टेदार दिसणे. ही मुले आई-वडिलांनी वेळेत डॉक्टरकडे नेलेली होती आणि तरीही त्यांतल्या निम्म्यांनाच पहिल्या भेटीत रुग्णालयात पाठवले गेले होते. ज्या देशात पाच मिनिटांवर दवाखाना असतो तिथली ही स्थिती असेल, तर सुरगाण्याच्या घाटापलीकडच्या वसतिगृहात आठव्या तासाची खूण ओळखण्याला किती मोल आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

तेव्हा ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावून थांबू नका, त्याचे तळहात आणि तळपाय हातात घ्या. ताप चढताना थोडा वेळ हात गार पडतात हे खरे आहे. पण ताप चढून बसलेला आहे, अंगावर पांघरूण आहे आणि तरी हात-पाय गारच आहेत, ओठ फिके किंवा निळसर दिसत आहेत, मूल धापा टाकल्यासारखा श्वास घेत आहे, तर हा साधा ताप नव्हे. पाय दुखण्याचेही तसेच आहे. दिवसभर खो-खो खेळलेल्या मुलाचे पाय दुखतील आणि तेल लावून चोळले की त्याला बरे वाटेल. तापात दुखणारे हे पाय मात्र वेगळे असतात, कारण मूल उभे राहायला तयार नसते आणि पायाला हात लावू देत नाही.

उलटीच्या बाबतीत वसतिगृहात फार घोटाळा होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मुलाला उलटी झाली की आपले लक्ष ताबडतोब स्वयंपाकघराकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण अन्नातून बाधा झाली असेल तर ती सहसा एकाच मुलाला होत नाही, आणि उलटीबरोबर पोटात कळा व जुलाबही असतात. एकाच मुलाला ताप आहे, डोके ठणकते आहे, जुलाब अजिबात नाहीत आणि तरी उलट्या होत आहेत, अशा वेळी पोटाचा विचार बाजूला ठेवून डोक्याचा विचार करा. ट्यूबलाईट सहन होत नाही म्हणून ते तोंड भिंतीकडे करत असेल, चादर डोक्यावर घेत असेल, आवाजाने कळवळत असेल, तर शंका आणखी बळावते.

मानेविषयी दोन गोष्टी सांगते. रात्री वेडेवाकडे झोपल्याने मान धरते तेव्हा ती एका बाजूला वळवताना दुखते आणि ताप नसतो. मेंदूज्वरात मान डावी-उजवीकडे थोडीफार वळते, पण पुढे वाकत नाही. मुलाला बसवून हनुवटी छातीला टेकवायला सांगा, किंवा गुडघा जवळ घेऊन त्यावर ओठ टेकवायला सांगा. त्याचे त्याला जमते का तेवढे पाहा, तुम्ही जोर लावून मान वाकवू नका. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे : मान वाकली म्हणून निर्धास्त होऊ नका. नेदरलँड्समध्ये प्रौढांना झालेल्या जिवाणूजन्य मेनिंजायटिसच्या ६९६ प्रसंगांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात ताप, आखडलेली मान आणि बदललेली शुद्ध ही तिन्ही लक्षणे एकत्र असलेले रुग्ण केवळ ४४ टक्के होते. मात्र या तिन्हींत डोकेदुखी मिळवून होणाऱ्या चार लक्षणांपैकी कोणतीही दोन ९५ टक्के रुग्णांत होती. नव्या सिस्टरना मी हाच हिशेब सांगत असे, की तिन्हींची वाट पाहू नका, दोन दिसली की डॉक्टरांना उठवा.

शुद्ध बदलणे म्हणजे बेशुद्ध पडणे, असा एक समज आहे. प्रत्यक्षात सुरुवात फार बारीक असते. नेहमी बडबड करणारा मुलगा एका शब्दात उत्तरे देतो, शांत मुलगी उगाच चिडते, कोणीतरी आपला वार किंवा इयत्ता चुकीची सांगते, मूल जेवायला उठताना भिंतीला धरते. हे तुम्हाला कळते, कारण तुम्ही त्या मुलाला रोज पाहता. आमच्या वॉर्डात ते पहिल्यांदाच येते, त्यामुळे आम्हाला ते तितके कळत नाही. “आज हा नेहमीसारखा नाही” असे तुमच्या मनात आले, तर ते मनातल्या मनात न ठेवता डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. आणि तापाच्या मुलाला “झोपलंय, उठवू नका” म्हणून सकाळपर्यंत सोडू नका. दर तासाला उठवा, नाव विचारा, दोन घोट पाणी प्यायला सांगा. मूल कुरकुरले आणि पुन्हा झोपले तर ठीक आहे. उठतच नसेल तर ती झोप नाही.

तापाच्या गोळीने अनेकांची फसगत होते. पॅरासिटामॉलने मेंदूज्वरातलाही ताप तात्पुरता उतरतो, त्यामुळे ताप उतरला एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पाहायचे ते वेगळेच : साध्या तापात अंग थंड झाले की मूल पाणी मागते, इकडेतिकडे पाहते, शेजारच्याशी बोलते. थर्मामीटर उतरला आणि मूल मात्र तसेच मलूल पडून राहिले, तर गोळीने आजाराला हात लावलेला नाही असे समजा.

ठिपक्यांसाठी काचेच्या पेल्याची परीक्षा सांगितली जाते. पारदर्शक पेला ठिपक्यांवर दाबायचा आणि दाबल्यावर ते मावळतात का ते काचेतून पाहायचे. मावळले नाहीत तर ते त्वचेखालचे रक्त आहे. तुमच्याकडे सगळे पेले स्टीलचे असतात, हे मला ठाऊक आहे. कोणत्याही मुलाच्या कंपासपेटीतली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी घ्या, तिनेही भागते. आपल्या सावळ्या मुलांच्या अंगावर ठिपके पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडातली वरची बाजू टॉर्च लावून बघा. कपड्याची नाडी किंवा इलॅस्टिक काचते तिथेही बघा. असे ठिपके दिसल्यावर दुसरे कोणतेही लक्षण शोधण्यात वेळ घालवू नका. ठिपके नाहीत म्हणून मात्र थांबायचेही नाही, कारण मेनिंजायटिसच्या कितीतरी रुग्णांना ते कधीच येत नाहीत.

आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा आणि घड्याळ बघा. दातांत चमचा घालणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे यांतले काहीही करू नका. तापातल्या पहिल्याच आकडीला ‘बाहेरचं लागलं’ म्हणून भगताची वाट पाहण्यात गेलेली रात्र मी मुलांच्या केसपेपरांवर वाचली आहे. पालकांच्या श्रद्धेशी त्या क्षणी वाद घालू नका. गाडी आधी निघू द्या, बाकीचे मागाहून.

एक प्रकार असा आहे की जो रात्रीत येत नाही, आठवड्यांत येतो, आणि आपल्या आदिवासी तालुक्यांत त्याची आठवण ठेवलीच पाहिजे. तो म्हणजे क्षयरोगाचा मेंदूज्वर. दोन-तीन आठवडे संध्याकाळचा बारीक ताप, अधूनमधून डोके दुखणे, वजन उतरणे, भूक मरणे, अभ्यासातले लक्ष उडणे, आणि मग कधीतरी सकाळी उठल्या उठल्या उलटी. शिक्षक म्हणतात मुलगा आळशी झाला, अधीक्षक म्हणतात घरची आठवण येते आहे. एखाद्या मुलाचा डोळा नव्याने तिरळा दिसू लागला किंवा एकाची दोन दिसतात असे ते म्हणाले, तर तोपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. सुट्टीवरून आलेल्या मुलाला घरी कोणाला जुनाट खोकला किंवा टीबी आहे का, हा एक प्रश्न विचारायची सवय ठेवा. या आजारावरचे उपचार सरकारी व्यवस्थेत मोफत मिळतात, ते साधारण वर्षभर चालतात, आणि लवकर सुरू झाले तर मूल पुन्हा वर्गात बसते.

तान्ही बाळे तुमच्या देखरेखीत नसतात, पण तुमच्या स्वयंपाकी, कामाठी ताईंच्या घरी असतात, म्हणून एका आजींविषयी लिहिते. सिन्नरकडच्या या आजी तीन महिन्यांच्या नातवाची रोज संध्याकाळी टाळू भरत. टाळूच्या खळगीत तेल घातले की ते क्षणभर तिथे थांबते आणि मग जिरवायचे असते. त्या संध्याकाळी तेल थांबलेच नाही, कपाळावरून ओघळून बाळाच्या डोळ्याकडे आले. आजींनी बोट फिरवून पाहिले, तर खळगीच्या जागी फुगवटा होता. बाळाला ताप फारसा नव्हता. ते दिवसभर अंगावर नीट प्यायले नव्हते आणि उचलून घेतले की गप्प होण्याऐवजी जास्तच चिरक्या आवाजात रडत होते. आजी सुनेला म्हणाल्या, “हे काही दृष्ट लागण्यातलं नाही,” आणि तासाभरात त्या बाळाला घेऊन निघाल्या. ते बाळ काहीही व्यंग न राहता घरी गेले. बाळ रडत नसताना, उभे धरलेले असताना टाळू फुगलेली किंवा ताठ लागणे, पिणे सोडणे, अंग लुळे पडणे, ही लक्षणे इतक्या लहान वयात ताप नसतानाही धरायची असतात.

आता तुमच्या हातात काय आहे त्याकडे येते. लक्षणे ओळखूनही गाडी हलत नाही, याचे कारण मला बहुतेक वेळा एकच दिसले : रात्री निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेले नसते. अधीक्षक मुख्याध्यापकांना फोन करतात, त्यांना रेंज नसते. पालकांचे गाव पाड्यावर असते. गाडीचे भाडे कोणी द्यायचे हा प्रश्न असतो. आणि उगाच घाबरून मूल नेले आणि काही निघाले नाही तर काय, ही भीती असते. माझी व्यवस्थापन समित्यांना कळकळीची विनंती आहे, की रात्री ड्युटीवर असलेल्या व्यक्तीने केवळ स्वतःच्या निर्णयावर १०८ ला फोन करावा किंवा गाडी काढावी, त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही आणि काही निघाले नाही तरी तिला जाब विचारला जाणार नाही, असा लेखी आदेश काढून तो कार्यालयात लावावा. प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून तातडीच्या उपचारांची संमती लिहून घ्यावी. आजारी मुलाला वेगळ्या खोलीत एकटे ठेवायची पद्धत असेल तर ती बंद करावी, किंवा त्या खोलीत एक मोठा माणूस झोपवावा. ज्या खोलीत रात्रभर कोणीच जात नाही, ती खोली मेंदूज्वराच्या मुलासाठी सर्वांत वाईट जागा आहे.

निघताना एका कागदावर वेळा लिहून घ्या : कोणते लक्षण किती वाजता, कोणती गोळी किती वाजता. शेजारच्या गादीवरच्या मुलाला विचारून लिहा. गावातल्या डॉक्टरकडे आधी सुई किंवा अँटिबायोटिक झाले असेल तर त्याची चिठ्ठी, नाहीतर रिकामी स्ट्रिप सोबत आणा. थोड्याशा औषधाने आजार बरा न होता नुसता झाकला जातो आणि तपासणीत जंतू सापडेनासे होतात, म्हणून हे आम्हाला कळणे फार गरजेचे असते. झोपाळलेल्या मुलाच्या तोंडात काही घालू नका, त्याला कुशीवर झोपवून आणा. वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय लागत असेल, तर तिथल्या डॉक्टरांना “मेंदूज्वराची शंका आहे” असे स्पष्ट शब्दांत सांगा आणि पहिले इंजेक्शन इथेच देऊन पुढे पाठवता येईल का, असे विचारा. निर्णय त्यांचा असेल; पण पेठ किंवा सुरगाण्याहून नाशिकला पोहोचेपर्यंतचा वेळ औषधाविना जाऊ नये, यासाठी हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा.

रुग्णालयात तुमची आणखी एकदा गरज पडते. डॉक्टर पाठीतले पाणी काढून तपासायचे म्हणतात, आणि पाड्यावरून धावत आलेले वडील “पाठीत सुई नको, पोरगं लुळं पडंल” म्हणून सही करायला तयार नसतात. त्यांचा आमच्यापेक्षा तुमच्यावर अधिक विश्वास असतो. त्यांना सांगा की मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो आणि सुई त्याच्या खाली, कमरेच्या मणक्यांमध्ये, जिथे फक्त पाणी आणि मोकळ्या नसा असतात तिथे घालतात. त्याने पाय जात नाहीत. नंतर एक-दोन दिवस डोके किंवा कंबर दुखू शकते. त्या चमचाभर पाण्यावरून आजार कोणत्या जंतूचा आहे आणि औषध कोणते द्यायचे हे ठरते.

निदान मेनिंगोकोकसचे झाले, तर त्याच खोलीत झोपणाऱ्या, एका ताटात जेवणाऱ्या मुलांना आणि मोठ्यांना प्रतिबंधक औषध द्यावे लागते, आणि ते शक्यतो चोवीस तासांत दिले जावे, यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. हा जंतू खोकल्यातून, शिंकेतून, थुंकीतून आणि दीर्घकाळ जवळ राहिल्याने पसरतो. कपड्यांतून किंवा भिंतींतून नाही. त्यामुळे वसतिगृह रिकामे करण्याची किंवा त्या मुलाची गादी जाळण्याची गरज नसते. निफाडची थंडी पडते तेव्हा सगळ्या खिडक्या गच्च बंद करून मुले दाटीवाटीने झोपतात, तेव्हा एखादी खिडकी तरी उघडी ठेवावी आणि गाद्यांत अंतर ठेवावे, एवढे करता येण्यासारखे आहे.

लसींविषयी थोडक्यात लिहिते. जन्मल्यावर दिली जाणारी बीसीजी लस लहान मुलांना क्षयरोगाच्या मेंदूज्वरापासून बरेच संरक्षण देते, आणि पेंटाव्हॅलंट लशीत हिबवरचा डोस असतो. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली, म्हणजे आज तुमच्याकडे असलेल्या मोठ्या मुलांपैकी बहुतेकांना ती मिळालेली नाही. मेनिंगोकोकसची लस नियमित सरकारी कार्यक्रमात नाही. ती हज यात्रेकरूंना सक्तीची आहे, कारण १९८७ आणि २००० साली तिथल्या गर्दीनंतर हा आजार अनेक देशांत पोहोचला होता. म्हणून लसीकरणाचे कार्ड पूर्ण भरलेले असले तरी वरची लक्षणे दिसल्यावर ते कार्ड पाहून थांबू नये.

बऱ्या झालेल्या मुलाची श्रवण तपासणी घरी सोडण्यापूर्वी किंवा त्यानंतरच्या चार आठवड्यांत व्हायलाच हवी. आजारानंतर कानाच्या आतल्या भागात हाड धरू लागले तर कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणयंत्राची, संधी हातची जाते, आणि मूल ‘ऐकत नाही’ म्हणून वर्गात बोलणी खात बसते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, आदिवासी विकास आयुक्तालयही याच शहरात आहे, आणि जवळपास नर्सिंगचे शिक्षण घेणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांना बोलावून जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात तासाभराचे प्रशिक्षण घेता येईल. ते केवळ शिक्षकांपुरते ठेवू नका. पहारेकरी, स्वयंपाकी, कामाठी आणि मोठ्या वर्गातली मुले यांनाही बसवा, कारण रात्री दीड वाजता जागे असतात ते हेच लोक. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी शहरातले रस्ते बंद असतील, तेव्हा तुमच्या वसतिगृहातून रुग्णालयाकडे कोणत्या वाटेने जायचे हे आधीच पोलीस ठाण्यात विचारून ठेवा.

ज्या वसतिगृहाला हे प्रशिक्षण द्यायला कोणी मिळणार नाही, तिथे मी स्वतः येईन. मला मानधन नको. सगळ्या गाद्या जिथे घालता त्या खोलीत बसू, प्रत्येक मुलाला आपली कंपासपेटी आणायला सांगा, आणि शेजारच्या गादीवरच्या मित्राचे हात-पाय कसे बघायचे हे मी त्यांना तिथेच करून दाखवीन.

आपली नम्र,
एक सेवानिवृत्त परिचारिका
नाशिक